बाकी

महालेखाकार कार्यालय, झाशी रोड, ग्वाल्हेर.
दुसरा मजला, पंख्यावर कबुतरं,
आणि एका पाटबंधारे योजनेची बेरीज:
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस रुपये.
वर पैसा नाही.

साहेब म्हणाले, बारा विभागांत सारखी वाटा.
त्र्यंबकराव मोघ्यांनी वाटली. पाच रुपये उरले.
अकरांत केली, चार उरले.
तेरांत, आठ.
‘मोघेजी, किसी में तो जाएगा!’
मोघे काही बोलले नाहीत.
डबा उचलला, आकडा उचलला, घरी गेले.

तीन हिवाळे.
रद्द व्हाउचरांच्या पाठीवर
एकेका मूळ संख्येनं भागत.
आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंत गेलं की पुरे,
त्यापुढे भागायची गरज नसते,
हे मला त्यांनीच शिकवलं, चहाची बशी फुंकत.
हजारावर भागाकार, आणि प्रत्येकाखाली
काहीतरी उरलेलं.
शेवटच्या पानावर लाल शाईत:
जात नाही.

मग एका दुपारी त्यांनी
शेवटच्या तीनवर अंगठा ठेवला.
उरलेलीही जात नव्हती.
अंगठा डावीकडे सरकत गेला:

७३९३९१३३
७३९३९१३
७३९३९१
७३९३९
७३९३
७३९
७३
७

प्रत्येक ओळ मूळ.
मी म्हणालो, आता उजवीकडे वाढवून बघू.
एक जोडला, सात जोडला: तीननं लगेच खाल्लं.
तीन जोडला, नऊ जोडला:
ते बरेच दिवस टिकले, मग तेही फुटले.
पुढे जागाच नाही, मोघे म्हणाले,
हा आता फक्त कमी होऊ शकतो.

पाहुणे आले की आम्ही त्यांना किल्ल्यावर नेतो,
चतुर्भुज मंदिरात, दगडातलं शून्य दाखवायला.
मोघे एकदाच आले होते. चप्पल हातात,
दोनशे सत्तरच्या शेपटीकडे बघत म्हणाले,
शेवटी शून्य आलं की संपलंच,
दोन येतो, पाच येतो,
कुणीही येऊन वाटे मागतो.

आता ते जनकगंजात, मुलाकडे.
शेवटून जातंय सगळं.
आधी माझी निवृत्ती गेली, मग सुनेचं नाव,
मग मोतीबिंदूचं ऑपरेशन, नवी गल्ली,
काकू गेल्याचा दिवस.
(तो पुन्हा सांगायचा की नाही,
यावर घरात दोन रात्री भांडण.)
मग कचेरी गेली. झाशी रोड गेला.
मागच्या पौषात ते कॉलेजात होते, सायकल शोधत.
या पौषात चौथीत.
पाटी मागतात. सुनेला बाई म्हणतात,
आणि तीही हजेरी घेते:
मोघे त्र्यंबक? हजर.
आवाज तोच. ताठ. एकही अक्षर गिळलेलं नाही.

काल गेलो होतो, गजक घेऊन.
ओळखलं नाहीच. बसा म्हणाले.
ऊन अंगणाच्या निम्म्यावर आलेलं.
बराच वेळ कुणीच बोललं नाही, मग एकदम:
बाकी?

बाकी ठीक, म्हणालो. घरी सगळे बरे.

रागावले.
अहो, बाकी किती?

तोंडात पहिला आला तो आकडा सांगितला:
आठ.

‘म्हणजे तेरांत केलीत,’
असं म्हणून त्यांनी गजकाची वडी मोडली
दोघांत.
सारखी नाही झाली.
मोठा तुकडा कुणाचा, ते बघत
आम्ही दोघं बसून राहिलो.